आधी रेघ, मग अक्षर

रिटायर झाल्यावर पहिली काही वर्षं मी नुसता झोपलो, आणि मग एके दिवशी आमच्या हिनं माझं नाव मोडी लिपीच्या, म्हणजे जुन्या मराठी कागदपत्रांतल्या त्या वळणदार लिपीच्या, ऑनलाइन क्लासला घातलं. घातलं म्हणजे अक्षरशः घातलं, फॉर्म तिनंच भरला, फीपण तिनंच पाठवली आणि चहाचा कप पुढे ठेवताना सांगितलं, "अहो, सोमवारपासून साडेसातला झूमवर बसायचंय." का म्हणून विचारायची सोय नव्हती, कारण तेव्हा ती स्वतः ऑनलाइन गाणं शिकत होती आणि माझं दिवसभर हॉलमध्ये पडून असणं तिच्या रियाझाच्या आड येत होतं.

तिच्या गाण्याची एक वेगळीच गंमत. झूमला वाटतं माणसं फक्त बोलतात, त्यामुळे सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर असं समजून ते तो पुसून टाकतं. तानपुरा म्हणजे दुसरं काय हो? सर तिकडून म्हणायचे तानपुरा लावा, ही म्हणायची लावलाय की केव्हाचा, सर म्हणायचे मला ऐकू येत नाही, असे दोन आठवडे गेले. मग नातवानं सेटिंगमध्ये जाऊन ओरिजिनल साउंड की काय ते चालू केलं तेव्हा कुठे तानपुरा सरांपर्यंत पोचला. एकत्र गाणं मात्र आजही जमत नाही, आवाज पोचायला वेळ लागतो ना, त्यामुळे सर आधी, ही मागून, पाढे म्हटल्यासारखं.

तर मोडी. मी चौतीस वर्षं बँकेत होतो, त्यातली निम्मी चेकवरची सही स्पेसिमेन कार्डाशी ताडून बघण्यात गेली. तेव्हा अक्षर बघायचा आपल्याला डोळा आहे असा एक माज होता तो पहिल्या तासाला उतरला. बाळबोधीत, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीत, आपण शब्द लिहितो आणि वर रेघ मारतो. मोडीत उलटं, आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि मग तिला खालून अक्षरं टांगत जायची, हात शक्यतो न उचलता. शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. ऱ्हस्व दीर्घ हा प्रकारच नाही, त्यामुळे सूत दिलं की सुत दिला हे मागचंपुढचं वाचून ठरवा. आमच्या मॅडमनी पहिल्याच आठवड्यात एक ओळ दिली, दादाआलेपाकघेऊनबसले. अर्ध्या वर्गाचा दादा पाक घेऊन आला आणि अर्ध्या वर्गाचा दादा आलेपाक घेऊन बसला.

मॅडम सत्तावीस वर्षांच्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणतो, त्या आम्हाला काका नाहीतर मावशी म्हणतात आणि त्याच गोड आवाजात रागावतात. "काका, तुमचं कपाळ छान दिसतंय, पण मला वही बघायचीये." मग मी जुगाड केला, लाडवाचा डबा, त्यावर पोळपाट, पोळपाटाच्या कडेतून फोन खाली तोंड करून बाहेर काढायचा आणि मागच्या बाजूला पडू नये म्हणून खलबत्ता. एकदा खलबत्ता ठेवायला विसरलो आणि फोन दौतीत पडला. त्या दिवशी वर्गाला काय दिसलं देव जाणे.

वर्गात बावीस जण, बहुतेक सगळे साठीच्या पुढचे. बेळगावच्या एक मावशी आहेत, त्यांना देवळाचे जुने कागद वाचायचेत. एक गृहस्थ तंजावरचे, त्यांचं मराठी ऐकायला फार गोड, आणि तिकडे मोडी कागदांचे गठ्ठे आहेत म्हणून ते शिकतायत. न्यू जर्सीच्या एक बाई असतात, त्यांची सकाळ असते, मागे कायम मिक्सर चालू. दोघं जण, 2023 मध्ये सरकारनं मराठा आरक्षणासाठी जुन्या मोडी कागदांत कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना भाव आलाय, हे ऐकून आलेत, आणि ते चूक आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या बँकेतलेपण दोघं आहेत, एकेकाळी माझ्या हाताखालचे, मीच ओढून आणलेत. मोडी 2014 ला युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला कळणाऱ्या अक्षरांच्या यादीत, आली असं मॅडम सांगतात, पण माझ्या फोनच्या कीबोर्डवर अजून तरी सापडलेली नाही, त्यामुळे होमवर्क वहीतच करायचा, कित्ता गिरवून फोटो ग्रुपवर टाकायचा. लाल गोल करून परत येतो. सहासष्टाव्या वर्षी लाल गोल बघून पोटात तसाच गोळा येतो हे मला नव्यानं कळलं.

चौथ्या महिन्यात मॅडम म्हणाल्या, घरात काही मोडी असेल तर शोधा. मी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढली. सनद, वतन, गेलाबाजार एखादं कर्जखत तरी निघेल असं वाटत होतं. निघालं माझं पाचवीचं प्रगतिपुस्तक, 1970 चं.

त्यात पालकांच्या सहीच्या रकान्यात बाबांचा तो गिचमिड फराटा दर महिन्याला. बाबा मोडी शिकलेले. लहानपणी मला तो फराटा पाठ होता, कारण ऑक्टोबरच्या चाचणीत गणितात पंचवीसपैकी सहा पडल्यावर तो मीच मारला होता, शाई वाळायच्या आत पुस्तक मिटलं म्हणून समोरच्या पानावर त्याचा डागपण आहे. आता चष्मा लावून बघतो तर ती सहीच नव्हे. बाबा दर महिन्याला नुसतं "पाहिले" असं लिहीत होते. ऑक्टोबरात मी जे काढलंय ते मात्र काहीच नाही, अळ्या आहेत.

त्याच्या खालचा, नोव्हेंबरचा फराटा लांब आहे, रकान्याबाहेर गेलाय. मला आठवतं, तेव्हा मी घाबरलो होतो की बाबांनी सही बदलली, एवढी लांबलचक आपल्याला जमायची नाही, आणि पुन्हा तो नाद केला नव्हता. तीच ओळ लावायला मला परवा पाऊण तास लागला. रेघेवर बोट ठेवून एकेक अक्षर सोडवत गेलो. वरचीसहीमाझीनव्हे.

बाजूला गुरुजींची लाल पेन्सिलीची बरोबरची खूण. म्हणजे गुरुजींनाही मोडी येत होती. दोघांपैकी एकानंही मला कधी काही विचारलं नाही.

फोटो मी आधीच ग्रुपवर टाकून बसलो होतो, वाचायच्या आधी. मॅडमचे दोन मेसेज येऊन गेले, "काका, मस्त नमुना आहे, लिप्यंतर टाका ना." अजून टाकलं नाहीये. बँकेतले ते दोघं ग्रुपवर आहेत, आणि सही कशी ताडायची हे त्यांना मीच शिकवलंय.