बद्द आवाज आणि गुलाबी पितळ

जुनी बोट घ्यायची ठरली तेव्हा सर्व्हे, म्हणजे बोटीची तपासणी, हे तासाभराचं काम आणि विम्यासाठी एक कागद, एवढीच माझी समजूत होती. आठ मीटरची फायबरची बोट, तळाला ताजा रंग, रेलिंग चकचकीत. मनातल्या मनात मी ती घेऊनही टाकली होती.

सर्व्हेअरनी फोनवरच दोन अटी घातल्या. बोट आदल्या दिवशीच पाण्याबाहेर काढायची, कारण ओल्या तळावर ओलावा मोजण्यात अर्थ नसतो. आणि ते पोचेपर्यंत इंजिनाला कुणी हात लावायचा नाही. "तापलेलं इंजिन कुठलंही सुरू होतं. मला थंड सुरू होताना बघायचंय."

आले ते प्लास्टिकच्या तोंडाची हातोडी घेऊन. वीतभर अंतरावर टक टक करत अख्खी बोट वाजवून काढली. टणक आवाज येत होता तोवर गप्प. डेकवर रेलिंगच्या एका खांबाशी मात्र आवाज बद्द झाला. स्क्रूच्या भोकातून वर्षानुवर्षं पाणी झिरपून फायबरच्या दोन थरांमधलं बाल्सा लाकूड कुजलं होतं. वर तीच चकचकीत रेलिंग! तळावर दोन-तीन फोड होते. एक फोडला तर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला. मी घाबरलो, ते नाही. "फोडांनी सहसा बोट बुडत नाही. चला, बुडवणारं काय आहे ते बघू."

तळात हलमधून, म्हणजे बोटीच्या कवचातून, बाहेर जाणारे तीन व्हॉल्व्ह होते. त्यांनी एकावरची हिरवट पुटं सुरीने खरवडली. खाली पिवळा धातू दिसायला हवा होता, दिसला गुलाबी. साधं पितळ खाऱ्या पाण्यात राहिलं की त्यातलं जस्त निघून जातं आणि तांब्याचा ठिसूळ सांगाडा उरतो. सुरीच्या टोकाने कड चक्क भुगा होऊन हातात आली. हा व्हॉल्व्ह तुटला तर पाण्याखाली 60 सेंटिमीटरवर 25 मिलिमीटरचं भोक पडणार, म्हणजे मिनिटाला साधारण 60 लिटर पाणी आत. बोटीत साचलेलं पाणी उपसणाऱ्या छोट्या बिल्ज पंपाला त्याच्या निम्मंही झेपलं नसतं. पाइपाला क्लॅम्प एकच, आणि भोकात ठोकायची लाकडी खुंटी कुठेच नाही.

बोट ढकलणाऱ्या पंख्याजवळ, त्याच्याऐवजी झिजावेत म्हणून लावलेल्या जस्ताच्या ठोकळ्यांवरही मालकाने हौसेने रंग फासला होता. रंगवलेलं जस्त झिजत नाही, मग पंखाच झिजतो. हे बघून सर्व्हेअर पहिल्यांदा हसले.

संकटात इशारा द्यायच्या फ्लेअर्सची मुदत संपलेली, एका लाइफ जॅकेटचा गॅस सिलिंडर गंजलेला. इंजिन मात्र पहिल्याच झटक्यात सुरू झालं.

अहवालात कामांचे तीन गट होते: पाण्यात सोडण्याआधी, या हंगामात आणि जमेल तेव्हा. तो पुढे ठेवल्यावर मालकाने कुरकुरत किंमत उतरवली. मी तिन्ही व्हॉल्व्ह ब्राँझचे बसवले, प्रत्येक पाइपाला दोन क्लॅम्प लावले, शेजारी दोरीने खुंटी बांधली. डेक उघडून नवं लाकूड भरणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम. त्याबद्दल न बोललेलं बरं.

बोट सोडली त्या दिवशी ती पाण्यात टेकली तरी क्रेनचे पट्टे मी सोडू दिले नाहीत. टॉर्च घेऊन खाली उतरलो आणि प्रत्येक व्हॉल्व्हभोवती बोट फिरवलं. तिसऱ्याला ओल लागली. क्लॅम्प अर्धा आटा आवळला, फडक्याने पुसलं, दहा मिनिटं तिथेच बसलो. पुन्हा बोट फिरवलं तर कोरडं. मग वर येऊन क्रेनवाल्याला हात केला.