तुम्ही विचारलंत म्हणून : नवसाचं काय झालं?

लग्नात विचारता, तेराव्याला विचारता. इतवारीत जोडवी बदलायला गेले तर सराफानंही विचारलं, "ताई, तो चांदीचा मोदक चढवला का?" नाही चढवला. सासूबाईंनी टेकडीच्या गणपतीला बोललेला नवस आहे, मोदक घडवून कपाटात ठेवलेला आहे, आणि यांना किडनी मिळाल्यानंतरचा दुसरा उन्हाळा चालू आहे. आजवर मी "डॉक्टरांनी गर्दीत जायला मनाई केली आहे" असं सांगत आले. ते खोटं नाही. किडनी बदललेल्या माणसाची प्रतिकारशक्ती गोळ्या देऊन जन्मभर दाबून ठेवावी लागते, नाहीतर शरीर त्या परक्या किडनीवर उलटतं. आणि मंगळवारी टेकडीवर काय रेटारेटी असते ते तुम्ही जाणता. पण बुधवारी दुपारी तेवढी नसते, हेही जाणता. तेव्हा एकदाचं सांगूनच टाकते.

डायलिसिसचा काळ तुम्ही पाहिला आहे, तो उगाळत नाही. मी किडनी का दिली नाही, तेही तुम्हाला माहीत आहे. पुन्हा विचारू नका. भर मे महिन्यात कूलरसमोर बसलेल्या माणसाला पाणी मोजून देणं आणि नागपुरात राहून पोटॅशियम वाढेल म्हणून त्याच्या हातातली संत्र्याची फोड काढून घेणं, एवढं आठवलं तरी पुरे. त्या दिवसांत तुमच्यातल्या पुष्कळांनी आम्हाला धरून ठेवलं. जाऊबाईंचा अळणी डबा यायचा. खालच्या काकांनी आठवड्यातून तीनदा गाडी काढली, चार-चार तास बाहेर बसले. शेजारी गजानन महाराजांच्या पोथीचं पारायण झालं, ऑटोवाल्या भाऊंनी ताजबागेतून धागा आणला, आणि दीक्षाभूमीजवळ राहणारी माझी मैत्रीण, जी देव मानतच नाही, ती रात्री वॉर्डात बसली म्हणून मी झोपू शकले. यातल्या कोणाचेही आभार मानताना माझी जीभ अडखळली नाही. अडखळते ती "देवानं दिलं" म्हणताना.

का, तर त्या रात्रीमुळे.

रात्री फोन आला, किडनीच्या यादीत तुमचा नंबर लागतोय, पेशंटला घेऊन निघा. देणारा कोण, ते नियमानं सांगत नाहीत. फक्त ब्रेनडेड झालेला, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलेला माणूस आहे एवढं कळतं. तसं जाहीर करायला चार डॉक्टरांचं मंडळ लागतं, तपासणी दोनदा होते आणि दोन तपासण्यांमध्ये निदान सहा तास जावे लागतात. हे मला नंतर समजलं. समजल्यावर मी हिशेब घालत बसले. मी संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला तेव्हा त्या घरची माणसं बहुतेक त्या सहा तासांत होती. मी काय मागत होते, ते तुम्हाला माहीतच आहे. तुम्हीही तेच मागत होतात.

हॉस्पिटलात पोचलो तर बाकावर आणखी एक कुटुंब. एक किडनी दुसरीकडे जाणार होती आणि इथल्या एका किडनीसाठी दोघांना बोलावलं होतं. यादीत आम्ही वर, ते खाली. क्रॉसमॅच जुळलं नाही तर वेळ जायला नको म्हणून दोघांनाही बोलावतात. देणाऱ्याच्या पेशींवर घेणाऱ्याचं रक्त हल्ला करतं का, ते त्यात पाहतात आणि निकालाला काही तास लागतात. ते काही तास आम्ही एका बाकावर काढले.

तिकडे एक म्हातारे बाबा आणि त्यांची पंचविशीतली मुलगी. गडचिरोलीतल्या वडश्याकडची माणसं, मुलीच्या डायलिसिससाठी इथे खोली करून राहिलेली. मुलगी भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेली, हाताच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला जोडून फुगवलेल्या शिरेवर, ओढणी घेतलेली. बाबांनी खालून चहा आणला, तो आमच्यासाठीही. यांना आणि त्यांच्या मुलीला तेवढंही पाणी चालत नव्हतं, म्हणून आम्ही दोघं बाजूला जाऊन प्यायलो. मला काय बोलावं सुचेना. तेच म्हणाले, "मीबी मागतो, तुमीबी मागा बाई. ज्याले लागू होईन त्याले होईन."

मी मागितलं. काय मागितलं ते आज लिहिते, कारण तुम्ही मला फार भाबडी समजता. यांचं जुळू दे, हे तर मागितलंच. पण पहाटेच्या सुमारास, आमचं जुळलं नाही तर तिचंही जुळू नये, असंही एकदा मनात येऊन गेलं. कशासाठी, ते विचाराल तर सांगता येणार नाही.

आमचं जुळलं. कोऑर्डिनेटर बाईंनी आधी आम्हाला सांगितलं, मग त्यांच्याकडे वळल्या. मला आनंद झाला, आणि तो त्यांच्यासमोर झाला, चेहरा लपवायलाही जमलं नाही. बाबांनी पिशवी भरली, मुलीच्या चपला तिच्या पायांपाशी सरकवल्या. जाता जाता पिशवीतली चादर काढून माझ्या मांडीवर ठेवली. "ऑपरेशनच्या बाहीर एसी लय थंडा राह्यते." मी घेतली. आणि पहाटे चार वाजता तुमच्या सगळ्यांच्या ग्रुपवर टाकलं : बाप्पानं ऐकलं.

आता तुम्ही म्हणाल, तूच लिहिलं होतंस ना! हो, मीच. ते लिहिणाऱ्या त्या बाईशी माझं अजून भांडण चालू असतं. बाप्पानं तुझं ऐकलं, मग त्या बाबांचं का नाही ऐकलं? त्यांचा आवाज कमी पडला? आणि जिचं माणूस त्या रात्री गेलं, तिनंही कुठेतरी हात जोडलेच असतील की. ग्रुपवर लिहिणारी ती बाई म्हणते, तुला त्या रात्री हे प्रश्न पडले असते तर तू बाकावरच कोसळली असतीस. हेही खरंच आहे. त्या रात्री मला उभं ठेवलं ते त्या विश्वासानंच, आणि तुमच्यातल्या ज्यांचा तो पक्का आहे त्यांनी. त्याच जोरावर दिवस काढायचे आणि मग त्यालाच नावं ठेवायची, हा कृतघ्नपणा आहे असं सासूबाईंचं म्हणणं. असेलही.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बातमी होती, देणाऱ्याचं नाव आणि फोटोसकट. पेपरवाले छापतात. दिरांना मी ते पान उलटूही दिलं नाही. यांना मात्र जाणून घ्यायचं आहे, त्या घरी जाऊन पाया पडायचं आहे. मी म्हणते, आपण धडधाकट समोर उभे राहिलो तर त्यांना बरं वाटेल की वाईट, हे आपण कोण ठरवणार? यावर आमच्यात अजून एकमत नाही.

बाबांचा नंबर माझ्याकडे होता. फोन करायला बरेच महिने गेले. मुलीचं डायलिसिस चालूच आहे. यांची तब्येत विचारून त्यांनी पुढचा प्रश्न कोणता विचारला असेल? तुमचाच. "नवस फेडला का?" नाही म्हटल्यावर जरा रागावलेच. "फेडून टाका बाई. मागची उधारी ठेवली तं पुढच्याले माल भेटत नाही. माह्या पोरीचा नंबर अडकला अशीन त्याच्यानं."

मी समजावलं की नंबर तसा लागत नाही. डायलिसिस किती काळ चाललंय, वय किती, याचे गुण असतात. "ते हाय ना," म्हणाले, "पण तुमी फेडा." मग मी मनातलं बोलले, की आपण मागत होतो म्हणजे कोणाचं तरी मरणच मागत होतो, त्याचे पेढे कसे वाटू? ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "आपण मागतलं म्हणून कोनी मरते का? तसं असतं तं माह्या मागण्यानं माही पोरगी काहून नाही बरी झाली?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. पटलं म्हणावं तर तसंही नाही. सासूबाईंना सांगितलं तर त्या लगेच कपाटाकडे निघाल्या, "मग येत्या मंगळवारीच जाऊ." हे म्हणाले, बुधवारी. मी म्हटलं, बघू.