सूंऽऽ कुठून येतंय?

रविवारी गाडीच्या डिकीत अँप (आवाज मोठा करणारा अँप्लिफायर) आणि बारा इंची सबवुफर (बासचा मोठा स्पीकर) बसवला. स्वतः. ॲक्सेसरीवाल्याने फिटिंगचे पैसे सांगितल्यावर माझ्याच तोंडून निघालं होतं, "चार वायरी तर आहेत!"

आहेतही चारच. बॅटरीचा पॉझिटिव्ह, गाडीच्या पत्र्याला जोडायचा अर्थ (निगेटिव्ह), स्टिरिओतून गाणं आणणारी आरसीए केबल आणि स्टिरिओमागची निळी-पांढरी रिमोट वायर, जिच्यात बारा व्होल्ट आले की अँप जागा होतो. स्वस्तातली पॉवर वायर आणली होती, ती ब्लेडने खरवडली तर आत पांढरं. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा! परत जाऊन अस्सल तांब्याची 8 गेज जाडीची आणली. अँपच्या खोक्यावर 1500 वॅट छापलंय, आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी खरी ताकद, बघाल तर 300. त्या हिशेबाने बॅटरीपासून वीतभर अंतरावर 40 अँपिअरचा फ्यूज टाकला. अँपला स्वतःचा फ्यूज असतो म्हणून हा वाचवू नका. वायर कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर मॅटिंगखाली आग लागते, ती हाच अडवतो.

पॉवर वायर एका बाजूने, आरसीए दुसऱ्या बाजूने, सगळं पुस्तकी. गाणं लावलं, बास छातीत बसला. मग इंजिन चालू केलं.

सूंऽऽ.

ॲक्सिलरेटर दिला की सूर चढतो, सोडला की उतरतो. बाबा गॅलरीतून म्हणाले, "गाडी आहे की पिठाची गिरणी?"

मित्र म्हणाला, आरसीएच्या मधे आयसोलेटर (असा आवाज अडवणारी डबी) लाव, आवाज बंद. पण स्वस्तातला आयसोलेटर बासही खातो. मग सबवुफर कशाला घेतला?

मल्टीमीटर काढला. त्याची वायर डिकीपासून बॉनेटपर्यंत कशी पुरणार? आकाशकंदिलाची जुनी वायर जोडली. एक टोक अँपच्या निगेटिव्हला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला, गाणं मोठ्याने चालू. इथे जवळपास शून्य यायला हवं. आले 0.9 व्होल्ट.

घोळ माझाच होता. डिकीतल्या एका बोल्टखाली अर्थच्या वायरचा लग (टोकाची कडी) दाबला होता, पण खालचा रंग काढलाच नव्हता. रंगातून करंट जात नाही. जे काही जात होतं ते बोल्टच्या आट्यांतून. स्टिरिओचा अर्थ पुढे, अँपचा मागे, दोघांत फरक पडला की तो आरसीएच्या बाहेरच्या तारांच्या जाळीतून वाट काढतो आणि ऑल्टरनेटरची (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राची) कुरकुर गाण्यात शिरते.

पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासला, रुपयाच्या नाण्याएवढा. लग बसवून बोल्ट आवळला, गंजू नये म्हणून वरून थोडं ग्रीस. अर्थची वायरही दीड फुटावर आणली. (सीटबेल्टच्या बोल्टला मात्र हात लावू नका. तो जीव वाचवायला आहे.) परत मोजलं, 0.04. इंजिन चालू, ॲक्सिलरेटर दिला. शांतता.

मग अँपचा लो-पास (फक्त खालचे सूर सोडणारा फिल्टर) 80 हर्ट्झवर ठेवला आणि गेन अर्ध्याच्याही खाली. गेन हे आवाजाचं बटण नाही, स्टिरिओच्या सिग्नलशी अँप जुळवायचं आहे, पण हात शिवशिवतातच.

आता बास पडला की मागची नंबर प्लेट खडखडते. फोमची टेप आणलीये, पण सकाळपासून पाऊस आहे. आणि आई विचारतेय, भाजीची पिशवी आता ठेवायची कुठे.