चार मेणबत्त्या, त्यातली एक गुलाबी

वसईकडच्या चर्चमध्ये नाताळची चाहूल गोठ्याआधी जांभळ्या रंगाने लागायची. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाच्या, पहिल्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी युवक मंडळ जमायचं. धर्मगुरूंची हिरवी वस्त्रं कपाटात जायची, जांभळी बाहेर यायची आणि पानांच्या वर्तुळात चार मेणबत्त्या रोवल्या जायच्या. तीन जांभळ्या, एक गुलाबी. जांभळा वाट पाहण्याचा, पश्चात्तापाचा. गुलाबी तिसऱ्या रविवारचा, कारण तो आनंदाचा रविवार. ती हौसेने दुसऱ्याच रविवारी पेटवणारं कुणीतरी दरवर्षी निघायचंच! पहिली मेणबत्ती चार रविवार जळते, शेवटची एकच. म्हणून पहिली जाड घ्यायची, नाहीतर चौथ्या रविवारी ज्योत बुडाशी येते आणि वाळलेली पानं पेट घेतात. पानं दर शनिवारी बदललेली बरी.

खरी धांदल मात्र पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्यात. त्याआधीच्या उपवासकाळभर जांभळा, वेदीवर फुलं नाहीत. आठवडा सुरू होतो त्या झावळ्यांच्या रविवारी लाल. गुरुवारी संध्याकाळी पांढरा, आणि मिस्सानंतर, म्हणजे मुख्य उपासनेनंतर, वेदी पार उघडी. कापडसुद्धा ठेवायचं नाही. शुक्रवारी पुन्हा लाल, ख्रिस्ताच्या रक्ताचा. म्हातारी माणसं इथे हमखास काळ्याची आठवण काढायची, कारण १९७०च्या मिस्साग्रंथाआधी त्या दिवशी काळा असे. शनिवारी रात्री ईस्टरसाठी परत पांढरा, जमल्यास जरीचा.

या घाईत चुका ठरलेल्या. फुलदाणीला लाल क्रेप कागद गुंडाळला, पाणी सांडलं, की वेदीच्या पांढऱ्या कापडावर डाग पडलाच. सांडलेलं मेण गरम असताना पुसलं तर पसरतं. ते गार होऊ द्यावं, बोथट सुरीने खरवडावं, मग खालीवर टिपकागद ठेवून कोमट इस्त्री फिरवावी.

ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पेन्टेकॉस्ट सणाचा लाल पवित्र आत्म्याच्या अग्नीचा, एका दिवसाचा. त्यानंतरचे एकदोन पांढरे सण उरकले की रविवारी हिरवा सुरू, तो थेट नोव्हेंबरपर्यंत. बाहेर भातशेतीही तेव्हा त्याच रंगाची.

पेटीतल्या जांभळ्याकडे मात्र पावसात कुणाचं लक्ष नसतं. दमट हवेने घडीवर बुरशी धरते. सुती कापडात गुंडाळून ठेवावं, उघडीप मिळताच वारा द्यावा, डांबरगोळी जरीला टेकवू नये, जर काळी पडते. एवढं करूनही नोव्हेंबरअखेर पेटी उघडली की पहिला वास डांबरगोळीचाच यायचा, आणि मंडळाची पोरं नाक दाबत घड्या उलगडायची.