हलवलेला वाडा तोच राहतो का?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये स्वीडनमधल्या किरुना या खाणीच्या गावातले लाकडी चर्च अख्खेच्या अख्खे उचलून, चाकांवर चढवून, दोन दिवसांत पाच किलोमीटर दूर नेले गेले. जुने वाडे सुटे करून दुसरीकडे पुन्हा उभारणे हे माझे काम, म्हणून त्याची चित्रफीत ओळखीच्या अनेकांनी मला पाठवली आणि बहुतेकांनी खाली एकच ओळ लिहिली: तुम्ही वाडे असे अख्खे का नेत नाही, सुटे का करता? या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो. तो मला वर्षानुवर्षे विचारला जातो आणि कार्यशाळांत, लग्नाच्या पंगतींत, नगरपालिकेच्या जिन्यात मी त्याला तुटक उत्तरे देत आले आहे: सुटा करून दुसरीकडे उभारलेला वाडा तोच वाडा राहतो का? म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या प्रश्नाला फार वेळ लागत नाही. ६७२ टनांच्या त्या चर्चसाठी वाटेतला रस्ता आधी रुंद करून घेतला होता. आपल्या पेठांतल्या बोळांत सामानाचा टेम्पोसुद्धा मागे मागे घ्यावा लागतो. शिवाय वाड्याचा सांगाडा सागवानी असला, तरी खांबांमधल्या भिंती पांढऱ्या मातीच्या किंवा मातीत रचलेल्या विटांच्या असतात आणि त्यांना उचलणे सोसत नाही. सांगाड्याचे तसे नाही. खांब तळखड्यावर, म्हणजे पायाच्या दगडावर, उभा असतो, त्याच्या डोक्यावरचे कुसू, म्हणजे पुढे आलेली लाकडी जीभ, तुळईच्या खाचेत बसते, तुळईवर कड्या म्हणजे आडवी लाकडे, कड्यांवर पाट म्हणजे फळ्या आणि पाटांवर माती. या सगळ्या जोडणीत खिळ्यापेक्षा पाचरीवर आणि वरून येणाऱ्या वजनावर अधिक भरवसा ठेवलेला असतो. सुताराने ज्या क्रमाने ते चढवले, त्याच्या उलट क्रमाने उतरवले, तर करवत क्वचितच लावावी लागते.

पैशाचेही सांगून टाकते. हे काम स्वस्त पडत नाही. तसे जुने सागवान आज विकत घेणे परवडणार नाही, हे खरे असले तरी ते उतरवणे, तुकड्यातुकड्यावर क्रमांक घालणे, खांबांचे वाळवीने खाल्लेले पाय कापून तिथे नवे लाकूड सांधणे आणि चांगल्या सुताराचे महिने, हे सगळे धरले की हिशेब काँक्रीटच्या वर जातो. पर्यावरणाचा मुद्दाही मला पूर्णपणे माझ्या बाजूने ओढता येत नाही. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे, हे मी भाषणांत सांगते. पण ज्या जागेवरून मी वाडा उचलते, त्या जागेवर काँक्रीटचीच इमारत उभी राहते. वाचते ते नव्या जागेवरचे सिमेंट आणि कचऱ्यात जाणारे लाकूड, एवढाच दावा मी करू शकते.

मला खरा बोचतो तो तिसरा आक्षेप, कारण तो माझ्याच व्यवसायातले लोक घेतात आणि एके काळी मीही तो तावातावाने घेत असे. जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वे सांगणाऱ्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेचे सातवे कलम सांगते की वास्तू तिच्या इतिहासापासून आणि परिसरापासून वेगळी करता येत नाही, आणि ती वाचवण्यासाठी दुसरा मार्गच नसेल किंवा तसेच मोठे राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय हित असेल, तरच ती हलवावी. हे कलम मी विद्यार्थ्यांना शिकवत असे, आणि पुढे स्वतःची भर घालत असे की जागेवरून उचललेला वाडा म्हणजे लाकडांची मोळी, त्यापेक्षा तो पडलेला बरा. त्याच विषयावरचा, जपानमधल्या नारा इथे ठरलेला १९९४ चा नारा दस्तऐवज अस्सलपणाचा विचार त्या त्या संस्कृतीच्या चौकटीत करावा असे म्हणतो, ते मला तेव्हा पळवाट वाटे.

तेव्हाच्या माझ्यातल्या त्या शिक्षिकेशी मी आज वाद घालते तो असा: तुझ्या वाक्यातला ‘पडलेला वाडा’ तू कधी पाहिला नव्हतास. वाडा आपोआप पडत नाही. नगरपालिकेची ‘धोकादायक इमारत’ म्हणून नोटीस लागते, चार शहरांत पांगलेले वारस एका कागदावर सह्या करतात, आणि मग लाकडाचा व्यापारी येऊन घनफुटावर भाव ठरवतो. त्याची माणसे तुळया ट्रकच्या मापात कापतात, गणेशपट्टीची चौकट एखाद्या हॉटेलच्या दारात जाते, हस्त, म्हणजे खांबांचे कोरीव लाकडी आधार, दिवाणखान्यात टांगले जातात, आणि कुठला खांब कुठल्या खणातला, म्हणजे खांबांमधल्या कुठल्या गाळ्यातला, हे कोणालाही कधीच सांगता येत नाही. ‘जागेवरच राहू द्या’ हा पर्याय ज्यांच्या हातात असतो, त्यांनी तोच घ्यावा. त्यांच्याकडे मी फुकट मोजमाप करून द्यायला जाते. पण माझ्यापुढे येतात त्यांतले बहुतेक वाडे त्या टप्प्याच्या पुढे गेलेले असतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष उभे आहेत. ते कोथरूडला नाहीत, म्हणून खोटे आहेत असे मला म्हणवत नाही. चेन्नईजवळ मुट्टुकाडूच्या दक्षिणचित्र या संग्रहालयात, जे १९९६ मध्ये खुले झाले, दक्षिणेतली जुनी घरे आणून पुन्हा उभारली आहेत. तिथे मी उंबरठ्यांवर बसून तासन् तास चित्रे काढली आहेत. त्या घरांत आता कोणी स्वयंपाक करत नाही, एवढीच माझी तक्रार. म्हणूनच माझा आग्रह असतो की हलवलेल्या वाड्यात काही तरी चालू असले पाहिजे.

आता ज्या कामामुळे मला या प्रश्नाचे सरळ उत्तर देता येत नाही, त्याबद्दल. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात दोन चौकांचा, पाच खणी, माडीचा वाडा होता. मागच्या चौकात दोन पिढ्यांपासून भाडेकरू राहत होते. त्यांतल्या एक काकू शिवणकाम करत. आमची हत्यारे, चेनपुली, क्रमांकाच्या पत्र्याच्या पट्ट्या हे सगळे त्यांच्याच ओसरीवर ठेवलेले असे, आणि दुपारचा चहा त्यांच्याकडून येई. कौले, रिपा आणि वासे उतरले, पाटांवरची माती पोत्यांत भरून झाली, कड्या निघाल्या, आणि एका सकाळी दर्शनी ओसरीवरची मोठी तुळई वाळूच्या पोत्यांवर उतरवली. मिस्त्रींनी तिच्या माथ्यावरचा धुरकट थर खरवडला, तेव्हा तिथे खाचा दिसल्या. त्यांतल्या काही कड्यांच्या होत्या, त्या आमच्या आराखड्याशी जुळत होत्या. पण त्यांच्या अधेमधे, वेगळ्या अंतरावर, वेगळ्या रुंदीच्या आणखी खाचा होत्या आणि त्यांत या वाड्यातले काहीच बसत नव्हते. मिस्त्रींनी एकीत अंगठा घालून पाहिला. आत पटाशीचे वळ होते, आणि तळाशी वाळलेला जुना चुना. ते म्हणाले, “ताई, हिनं आधी दुसरं घर बघितलंय.”

मला झालेला आनंद मी लपवणार नाही. ज्या वाड्याला जागेवरून हलवू नये म्हणून मला सनद ऐकवली जात होती, तो वाडा स्वतःच कुठल्या तरी आधीच्या घराच्या लाकडावर उभा होता. त्याला बांधणाऱ्या सुताराने जुनी तुळई आणली, नव्या खाचा पाडल्या, जुन्या तशाच ठेवल्या आणि काम पुढे नेले. ज्याला मी या घराचे मूळ समजत होते, ते कधीच एका जागेचे नव्हते. मी सगळ्यांना हाका मारल्या, मोबाइलवर छायाचित्रे काढली, व्हेनिस सनदेला आता काय उत्तर द्यायचे ते तिथल्या तिथे मोठ्याने बोलूनही दाखवले. काकू चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कपबशा ठेवल्या, वाकून खाचा पाहिल्या, तुळईवरची क्रमांकाची पट्टी पाहिली, ती कुठे जाणार ते विचारले. मी सांगितले की एका शाळेचे वाचनालय होणार आहे, जागा ठरली आहे, जोत्याचे काम सुरूही झाले आहे. त्या म्हणाल्या, “लाकडाची सोय झाली, बरं झालं ताई. आमचं अजून काही ठरंना.”

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उत्तर दिले असते. उत्तर तयारही होते: माझा करार मालकांशी होता, भाडेकरूंचे हक्क हा वकिलांचा विषय, आणि मी काम नाकारले असते तर तोच वाडा व्यापाऱ्याकडे गेला असता आणि कोणाला एक खोलीही अधिक मिळाली नसती. यातला शब्द न् शब्द खरा आहे आणि मी आजही तो मागे घेत नाही. पण पुढे मला कळले की मालकांच्या बाजूने भाडेकरूंना माझे नाव सांगितले जात होते. वाडा वाचवणाऱ्या बाई आल्या आहेत, पावसाळ्यापूर्वी लाकूड निघाले पाहिजे, लवकर खाली करा. माझे काम चांगले होते, म्हणूनच ते कोणाला तरी घाई करण्यासाठी वापरता आले. काकूंनी गावाबाहेर भाड्याची खोली घेतली. तिथवर ब्लाउज शिवायला टाकण्यासाठी पेठेतल्या बायका जात नाहीत. मूळ जागेवर नवी इमारत उभी राहिली, भाडेकरूंच्या खोल्यांचा वाद कोर्टात आहे. वाचनालयाच्या उद्घाटनाचे निमंत्रण मी स्वतः नेऊन दिले होते. त्या आल्या नाहीत.

वाचनालय उत्तम चालले आहे, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवे. ती तुळई वाचनकक्षावर आहे, रिकाम्या खाचा आम्ही बुजवल्या नाहीत, आणि सुमारे पाचवा हिस्सा लाकूड नवे आहे ते कोणालाही ओळखता येईल असे ठेवले आहे. भिंतींची माती काही अंशी तीच आहे. विहीर, बोळ आणि शेजार मात्र आले नाहीत. सांगाडा तोच आहे का, असे कोणी विचारले, तर मी निःशंक हो म्हणते.

चित्रफीत पाठवणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच आहे की किरुनाकडे पूर्ण पाहावे. तिथे लोहखनिजाची खाण गावाखाली सरकत आली आहे, म्हणून गावाचा मोठा भागच हलवला जात आहे, आणि खर्च खाणीची सरकारी कंपनी उचलते. १९१२ चे ते चर्च गाव जिकडे चालले आहे तिकडेच गेले. याच्या उलट उदाहरण आपल्या शेजारी गोव्यात आहे. साळावली धरणामुळे कुर्डी गाव बुडाले, तेव्हा तिथले प्राचीन महादेवाचे मंदिर दगडादगडाने सोडवून दुसरीकडे उभे केले गेले, आणि ते काम मला फार मोलाचे वाटते. गावकऱ्यांचे पुनर्वसन मात्र वाडे आणि वालकिणी येथे झाले. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की कुर्डीकर सोमेश्वराच्या उत्सवासाठी परततात ते त्या उघड्या पडलेल्या जमिनीवर. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचे हे गाव. त्याचे दगड वाचले, माणसे वाचली, पण दोघे एका वाटेने गेले नाहीत. सनदेतले कलम ज्याला परिसर म्हणते, त्यात ही माणसे धरायची की नाहीत, हे विद्यार्थ्यांना शिकवताना मी कधी विचारले नव्हते. पण माणसे धरली, तर हलवण्याच्या बाजूचा माझा युक्तिवाद दुबळा होतो, तसाच ‘पडू द्या’ म्हणणाऱ्यांचाही होतो.

सध्या माझ्या टेबलावर आणखी एका वाड्याची कागदपत्रे आहेत. मागच्या बाजूला तीन बिऱ्हाडे राहतात. त्यांच्याशी झालेला लेखी करार पाहिल्याशिवाय मोजमापाला येणार नाही, असे मी मालकांना कळवले आहे; तो तुमचा विषय नाही, असे त्यांचे उत्तर आले. मध्यंतरी लाकडाचा व्यापारी वाडा पाहून गेला आहे. माझ्या अटीमुळे तो वाडा त्याच्याकडे गेला, तर त्या तीन बिऱ्हाडांना त्याचा काय उपयोग होईल, हे मला सांगता येत नाही. आणि तरीही अट मागे घ्यावी असे आज तरी मला वाटत नाही.