खोताच्या वाडीतील घर, प्रमाण १:२४ : छपराचे काम आणि सालाचा प्रश्न

खोताच्या वाडीतल्या एका जुन्या घराचे १:२४ प्रमाणातले मॉडेल मी बनवतो आहे. मागील नोंदीच्या वेळी त्याचे जोते आणि तळमजल्याच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. आता वरचा मजला, बाहेरचा जिना आणि छपराचा लाकडी सांगाडा पूर्ण झाला असून कौले ओतण्याचे काम चालू आहे. मधल्या काळात काम रेंगाळले ते हत्यारांमुळे किंवा साहित्यामुळे नव्हे. हे घर नेमके कोणत्या सालातले म्हणून बनवायचे हा प्रश्न छपरापाशी येऊन अडला होता. त्याचा निकाल कसा लागला, हेच या नोंदीत मुख्यतः लिहायचे आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडी पूर्वपीठिका देतो. खोताची वाडी गिरगावात, संत तेरेसा चर्चच्या परिसरात आहे. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या जमिनीवर ती वसली, म्हणून तिला हे नाव पडले. पुढे तिथे प्रामुख्याने ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या स्थानिक कॅथलिक ख्रिस्ती, कुटुंबांनी घरे बांधली. तळमजला आणि वर एक मजला, पुढे ओसरी, बाहेरून चढणारा लाकडी जिना, वळचणीला कोरीव फळीची झालर आणि वर मंगळुरी कौले, असे या घरांचे सर्वसाधारण रूप आहे. एकेकाळी वाडीत ६५ घरे होती असे सांगतात. आज त्यांतली तीसही शिल्लक नाहीत. मी निवडलेले घर दुरुस्ती आणि रंगरंगोटी होऊन सध्या विक्रीला काढलेले आहे. मालकी भावंडांत विभागलेली असल्यामुळे ते विकायचे ठरले, आणि नवा मालक आत काय फेरफार करील याचा भरवसा नसल्यामुळे, घर रिकामे असताना मोजमापे घेण्याची परवानगी मी मागून घेतली. घराचा ठावठिकाणा ओळखू येईल असे काहीही मी इथे देणार नाही, तेवढे समजून घ्यावे.

विक्रीच्या जाहिरातीत ‘नूतनीकरण केलेले ऐतिहासिक कॉटेज, बांधकाम १८६५’ असे छापले आहे. मॉडेलच्या पाटीवरही हेच साल घालावे असे प्रथमदर्शनी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु छपराची मापे घेण्यासाठी माळ्यावर जाणे भागच होते. ‘आंटी, छपरावर चढून कौले बघू का?’ असे विचारल्यावर घरातल्या वडीलधाऱ्या बाईंनी स्पष्टच सांगितले, ‘माळ्यावरून बघ. कौलावर पाय ठेवू नको हां, आत्ता कुठे गळायचे थांबलेय.’ ही मनाई माझ्या पथ्यावरच पडली, कारण मंगळुरी कौलाची खरी माहिती त्याच्या खालच्या अंगाला असते.

माळ्यावर बॅटरी धरून पाहिले तेव्हा १८६५ या आकड्याचा उगम लगेच सापडला. काही कौलांच्या पोटावर बासेल मिशन या स्वित्झर्लंडमधल्या ख्रिस्ती मिशनचा ठसा आहे आणि त्या ठशातच १८६५ हे साल आहे. मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना सुरू केला ते हे साल. कौल भाजल्याचे ते साल नव्हे, घर बांधल्याचे तर नव्हेच. कारखान्याने पुढेही स्थापनेचा हा आकडा आपल्या मालावर उमटवला, त्यामुळे कोकणापासून मुंबईपर्यंत कितीतरी घरे विनाकारण १८६५ ची ठरली आहेत. पहिल्या महायुद्धानंतर हे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, म्हणून मिशनच्या ठशाचे कौल साधारणपणे त्याआधीचे मानायला हरकत नाही, परंतु याहून अधिक काही त्या ठशातून निघत नाही. शिवाय कौल ही हलवता येणारी वस्तू आहे. एका घराचे छप्पर उतरले की चांगली कौले दुसऱ्या घरावर चढतात, आणि या छपरावर तर चार-पाच निरनिराळ्या कारखान्यांचे ठसे शेजारी शेजारी बसलेले आहेत.

याहून बोलका पुरावा वाशांवर मिळाला. मंगळुरी कौलाच्या रिपा (कौले टेकतात त्या आडव्या पट्ट्या) साधारण ३२ सेंटीमीटर अंतरावर असतात, कारण ४१ सेंटीमीटर लांबीच्या कौलाचा तेवढाच भाग उघडा राहतो आणि उरलेला वरच्या कौलाखाली दडतो. आजच्या रिपा त्याच अंतरावर आहेत. परंतु त्याच वाशांच्या पाठीवर, दोन रिपांच्या मधल्या जागेत, जुन्या खिळ्यांची भोके आहेत, आणि ती बरीच जवळजवळ, ठराविक अंतराने वरपर्यंत गेलेली आहेत. काही भोकांभोवती लोखंडाच्या गंजाने लाकूड काळे पडले आहे. इतक्या दाट रिपा मंगळुरी कौलांना लागत नाहीत. त्या लागतात नळीच्या गावठी कौलांना. म्हणजे या वाशांवर आधी नळीची कौले होती आणि मंगळुरी कौले नंतर आली. आढे आणि वासे कौलांपेक्षा जुने आहेत एवढे यावरून खात्रीने म्हणता येते. किती जुने, हे लाकूड स्वतःहून सांगत नाही.

आता मॉडेलकारापुढे तीन वाटा होत्या. नळीच्या कौलांचे मूळ घर बनवावे, ठशांच्या काळातले मंगळुरी कौलांचे घर बनवावे, की आज विक्रीला उभे असलेले घर जसेच्या तसे बनवावे. पहिल्या दोन वाटांनी गेले तर जिन्याचा कठडा, झालरीचा नमुना, खिडक्यांचे रंग हे सगळे अंदाजाने भरावे लागले असते, आणि अंदाजाने भरलेली वस्तू मॉडेलमध्ये एकदा पक्की झाली की बघणारा तीच खरी मानतो. मी आजचे घर बनवायचे ठरवले. दुरुस्तीत घातलेले लोखंडही त्यात दिसेल, मागची सिमेंटची भिंतही दिसेल, आणि पाटीवर बांधकामाचे साल न घालता मोजणी केल्याचे साल घालीन. डाव्या बाजूचे एक पाख (छपराचा उतार) मात्र उचलून काढता येईल असे करतो आहे, म्हणजे खालच्या वाशांवरची भोके बघता येतील. ती भोके ०.४ मिलिमीटरच्या ड्रिलने पाडली असून कडेला काळ्या शाईचा अगदी पातळ हात दिला आहे.

दुरुस्तीबद्दल थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण असे घर बनवताना आणि विकत घेतानाही पाहण्यासारखे हेच असते. तळमजल्याच्या भिंती विटांच्या आणि चुन्याच्या आहेत. चुन्याचा गिलावा ओल शोषतो आणि उन्हे पडली की सोडतो. त्यावर मध्ये कधीतरी सिमेंटचा जाड थर चढवला गेला होता, आणि त्यामुळे भिंतीत शिरलेली ओल बाहेर पडण्याची वाट बंद झाली. ती ओल भिंतीत घुसलेल्या तुळईच्या टोकाला लागली आणि वरच्या मजल्याची मुख्य तुळई एका अंगाला कुजली. आताच्या दुरुस्तीत कुजलेले टोक कापून तुळईच्या दोन्ही बाजूंना लोखंडी चॅनेल बोल्टने आवळले आहे. पुढच्या भिंतीवरचे सिमेंट खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा केला आहे, तो उत्तम आहे. हाऊसगल्लीच्या (घरामागच्या अरुंद बोळाच्या) बाजूची भिंत मात्र तशीच सिमेंटची ठेवून वर प्लॅस्टिक पेंट मारलेला आहे. घर बघायला येणारे ओसरीत उभे राहून झालरीचे फोटो काढतात. मला विचाराल तर त्यांनी आधी मागे जाऊन त्या भिंतीच्या पायथ्याशी हात लावून पाहावा. तिथे रंगाला फुगवटे आलेले आहेत, आणि तेही मी मॉडेलमध्ये घेतले आहेत.

झालरीच्या बाबतीत एक निरीक्षण सर्वांच्या उपयोगी पडेल. वळचणीच्या फळीतला जुना भाग हातकरवतीने कोरलेला आहे आणि नवा भाग राऊटर यंत्राने. दोन्हींचा नमुना एकच, रंगही एकच, त्यामुळे खालून फरक कळत नाही. परंतु राऊटरचे पाते गोल फिरते, म्हणून आतले कोपरे किंचित गोलाकार राहतात. करवतीने कापलेला आतला कोपरा टोकदार असतो आणि कधी कधी करवत थोडी पुढे गेल्याची बारीक चीरही तिथे राहते. मॉडेलसाठी लेझरने कापून घेणे सोपे होते, पण लेझर सर्व कोपरे सारखेच कापतो. म्हणून जुन्या भागाची झालर मी अर्धा मिलिमीटर जाडीच्या कार्डचे दोन थर चिकटवून, त्यांवर पातळ सुपर ग्लू मुरवून, नक्षीच्या करवतीने हातानेच कापली. फक्त नव्या भागाला लेझर वापरला आणि कोपरे नंतर गोल कानसीने मारले. हे काम डोळ्यांना जाच देणारे आहे, परंतु बाजूच्या प्रकाशात ठेवले की दोन भाग वेगळे ओळखू येतात.

लाकडाबद्दल अनेकांनी विचारले होते. मूळ घर सागवानी आहे, पण मॉडेलमध्ये साग वापरू नये असे माझे ठाम मत आहे. सागाची छिद्रे मोठी असतात आणि १:२४ प्रमाणात ती खांबावर देवीचे व्रण असावेत तशी दिसतात. मी शिवणीचे लाकूड वापरले. ते हलके आहे, रेषा बारीक आहेत, फारसे वाकत नाही आणि कुसू (सांध्यात बसणारे टोक) काढताना तुटत नाही. सागाचा रंग डाग देऊन आणता येतो. जिन्याच्या पायऱ्यांची चढण ८ इंच आणि रुंदी ९ इंच आहे, म्हणजे मॉडेलमध्ये साधारण साडेआठ आणि साडेनऊ मिलिमीटर. इतका उभा जिना पाहून कोणाला माप चुकल्याची शंका येईल, पण तो खरोखरच तसा आहे. सर्वांत खालची पायरी दगडाची आहे. पावसाचे पाणी साचून जिन्याचे पाय कुजू नयेत म्हणून ती तशी ठेवलेली असते, आणि दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रींनी तिला हात लावला नाही हे फार चांगले केले.

कौलांचा हिशोब असा आहे. ४१० गुणिले २३५ मिलिमीटरचे कौल आपल्या प्रमाणात १७ गुणिले १० मिलिमीटरचे होते. एका चौरस मीटरला साधारण १५ कौले लागतात आणि वळचणीसह दोन्ही पाखे मिळून ९० चौरस मीटरच्या आसपास भरतात, म्हणजे साडेतेराशेच्या घरात कौले ओतावी लागणार, कोने (आढ्यावरची कौले) वेगळेच. पितळी पत्र्यावर एक मूळ कौल घडवून त्याचा सिलिकॉन रबरचा साचा केला आहे. दंतवैद्य वापरतात त्या कडक प्लॅस्टरमध्ये सुरुवातीलाच गेरूची पूड मिसळली, म्हणजे कोपरा टवकला तरी आतून पांढरे दिसत नाही. सगळी कौले एकाच छटेची करू नयेत. भट्टीत कमी-जास्त भाजल्यामुळे आणि वेगवेगळ्या कारखान्यांच्या मातीमुळे खऱ्या छपरावर फिकट केशरीपासून काळपट तांबड्यापर्यंत रंग असतात. गेरूचे प्रमाण बदलून मी चार छटा केल्या आहेत आणि लावताना त्या डोळे मिटून उचलतो, कारण विचार करून मांडलेले वैविध्य नेहमी बुद्धिबळाच्या पटासारखे होते.

भिंतीच्या रंगासाठी पिवडी (पिवळ्या मातीचा रंग) चुन्याच्या निवळीत न घालता मॅट ॲक्रिलिकमध्येच घातली. खिडकीच्या बिजागरीमागे, जिथे ब्रश पोहोचत नाही तिथे, जुन्या रंगांचे थर दिसतात: सर्वांत आत नीळ घातलेला पांढरा चुना, त्यावर हिरवट, मग पिवळा. आजचा पिवळा त्या जुन्या पिवळ्याहून बराच भडक आहे. छोट्या प्रमाणात रंग आणखी गडद वाटतो, म्हणून त्यात पांढरा मिसळून तो एक पायरी खाली आणला आहे.

पुढचे काम खिडक्यांचे आहे. तिरप्या पट्ट्यांच्या झडपा एका उभ्या दांडीने उघडझाप करतात. मॉडेलमध्ये त्या हलत्या ठेवण्याचा मोह मी सोडला असून वरच्या मजल्यावरच्या अर्धवट उघड्या आणि खालच्या बंद बसवणार आहे. झडपेच्या वरची रंगीत काचेची तावदाने कशी करावीत याबद्दल मात्र सल्ला हवा आहे. पारदर्शक ॲक्रिलिक शीटवर काचेचा रंग दिला की कडेला तो जमा होतो, आणि रंगीत जिलेटिन पेपरचा रंग काही वर्षांत उडतो असे ऐकतो. कोणी रंगीत ॲक्रिलिकचा एक मिलिमीटरहून पातळ पत्रा मुंबईत कुठे मिळवला असेल, तर लोहार चाळीच्या आसपासचे दुकान असले तरी चालेल, कृपया कळवावे. खरेदीदार पक्का होण्याआधी मागच्या बाजूच्या दोन खिडक्यांची मापे पुन्हा पडताळून घ्यायची आहेत, तेव्हा तावदानांचे फोटोही जवळून घेऊन ठेवीन.