घरात प्राणी आणण्याआधी

आज घणसोलीला मावसबहिणीकडे, तिच्या मुलासाठी कोणता प्राणी पाळावा यावर दुपारभर बोलणे झाले. त्याला हस्की हवा होता. पण थंड प्रदेशात बर्फावरून गाड्या ओढण्यासाठी जोपासलेले, केसांचा दाट दुहेरी थर असलेले ते कुत्रे आपल्या दमट उकाड्यात, दोघेही नोकरीला जाणाऱ्या घरात दिवसभर कोंडून ठेवणे मला क्रूरपणाचेच वाटते. शेजारचा हस्की न्हाणीघराच्या लादीवर पोट टेकून धापा टाकत होता, तो मी मुलाला दाखवला. पोपटाचा विषय लगेच संपला, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे. अखेर देशी मांजर दत्तक घ्यायचे ठरले. मात्र सातव्या मजल्यावरच्या खिडक्यांना आधी जाळी बसणार आहे.